पाचव्या गाण्यात कोण गायलं?

१

पाचव्या गाण्याला नव्या गायिकेनं तोंड उघडलं आणि आवाज आला गळ्याचा.

आता हा गळा म्हणजे बँडचा जुना गायक. सगळी जवानी यानं या बँडपुढं उभं राहून घालवली, म्हणून नावच पडलं गळा. आणि नशिबाची चेष्टा बघा, ऑपरेशन झालं तेही गळ्याचंच. आता कुजबुजण्यापलीकडं आवाज निघत नाही. मग या दौऱ्यासाठी एक तिशीतली पोरगी घेतली. तिला सगळे म्हणायचे नवी. दौरा अर्धा संपला तरी ती नवीच.

तर काल संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. नवी ढोलांच्या चौथऱ्यावर चढून तिथल्या माइकवर गायला लागली, आणि भोंग्यांतून गळ्याचा जुना, खर्जातला, भरदार आवाज बाहेर पडला. बँड एकीकडं, आवाज दुसरीकडं, सगळं बेसूर. आधी लोक गप्प झाले. मग कुणीतरी हसलं. मग एकजण ओरडला, "अरे, ही नुसते ओठ हलवते!" आणि पाठोपाठ सगळा हॉल गळ्याच्या नावानं ओरडायला लागला. पोरगी दिव्याच्या झोतात उभी, तोंड हलतच राहिलेलं.

आणि खुद्द गळा? तो तिसऱ्या रांगेत बसला होता, पाहुणा म्हणून.

सकाळी हॉटेलच्या जेवणघरात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. टेबलाच्या टोकाला वहिनी. ही गिटारवाल्याची बायको. गिटारवाल्यानं बँड काढला म्हणून तो 'मालक', आणि ही सगळ्यांची वहिनी. बस कधी निघणार, कुणाला कुठली खोली, कुणाला गोळी कधी, सगळं हिच्या डोक्यात. हिच्या शब्दाबाहेर बँडमधलं मांजरही जात नसे.

नवी आली ती बॅग भरूनच.

"वहिनी, आज त्याच हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम, संध्याकाळी साउंड चेक आहे. तोपर्यंत हे कुणी केलं ते मला सांगा. नाही सांगितलंत, तर मी घरी जाते आणि परत गात नाही. तुमच्याकडं नाही, कुठंच नाही."

शेवटचे दोन शब्द ती हळू बोलली, आणि तेच वहिनीला लागले.

वहिनीचा स्वभाव असा, की डोक्यात आलं की हातानं करून मोकळी. स्टेजवरच्या सगळ्यांचे हात वाजवण्यात गुंतलेले. मोकळे हात एकाचेच, हॉलच्या मागं बटणांच्या टेबलावर बसणाऱ्या साउंडवाल्याचे. त्याला सगळे बटण्या म्हणायचे. केस पिकले या बँडबरोबर, पण पगारी माणूस.

"बटण्या, बॅग आण तुझी."

"कशाला, वहिनी?"

"आण म्हटलं ना!"

त्यानं आणली. वहिनीनं चेन ओढली आणि सगळ्यांच्या बशा-कपांमध्ये बॅग उलटी केली. शर्ट पडले, गुडघ्याचं मलम पडलं, भोकं पडलेले बनियन पडले, एकाला एक न जुळणारे मोजे पडले. गळ्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग काही पडलं नाही.

बटण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी फक्त तिचा चौथऱ्यावरचा माइक उघडला, वहिनी. दर कार्यक्रमात त्याच गाण्याला उघडतो, तसाच. त्यातून जे आलं ते आलं."

एवढं बोलून तो निघून गेला. बॅग तशीच टाकून. त्याचे बनियन लोण्याच्या वाटीशेजारी पसरलेले, आणि टेबलावरचा एकही माणूस ते उचलायला पुढं झाला नाही. वहिनीसुद्धा.

२

वहिनीनं नवीला जिन्यात गाठलं. पोरगी बॅगेवरच बसली होती.

"काय काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

"चौथं गाणं संपलं, दिवे गेले. मी अंधारात चौथऱ्यावर चढले. माझा पाय वायरींत अडकला, दोन वायरी निघाल्या. मी वाकले लावायला, तर भाऊ म्हणाले, हात लावू नको. त्यांनीच लावल्या."

भाऊ म्हणजे ढोल वाजवणारा. वहिनीचा सख्खा थोरला भाऊ. वहिनीचा दादा, बाकी सगळ्यांचा भाऊ. ती धाकटी, तरी तो तिला ताईच म्हणायचा.

"मग?"

"मग काय, गायले. पूर्ण गायले, वहिनी! लोक हसत होते तरी गायले. शेवट तर मी एकदम खाली आणते, कानात बोलल्यासारखा. पहिल्या कार्यक्रमापासून तसाच करते. तोही केला. कुणाला ऐकू आला?" तिनं नाक पुसलं. "भाऊंनी काल पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. गाणं चालू असताना. डोळे एवढे मोठे. कीव येत असेल."

वहिनी तिथून मालकाच्या खोलीत गेली. नवरा तारा पुसत बसला होता. तिला बघितल्यावर आणखी जोरात पुसायला लागला.

"गळ्याला काल तुम्ही बोलावलंत?"

"त्याचं गाव आहे. यायला नको?"

"खरं बोला."

मालकानं फडकं खाली ठेवलं. "म्हटलं, शेवटी त्याला स्टेजवर नुसता उभा करू. जुन्या लोकांना बरं वाटेल. तिकिटं नीट जात नाहीयेत गं."

"नवीला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं?" म्हणाला, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्यालाच ते कडू लागलं असावं. फडकं परत उचललं.

पेटी वाजवणारा मास्तर खोलीच्या दारातच भेटला. पेटी म्हणजे कीबोर्ड. हा पूर्वी शाळेत गाणं शिकवायचा. तो तोंडाचा फटकळ.

"माझ्यावर संशय आहे ना? असूदे. मला ती नकोच होती. तिच्या आवाजासाठी सगळी गाणी वरच्या पट्टीत नेली तुम्ही. या बोटांना जन्माची सवय जुन्या पट्टीची. रोज संध्याकाळी बोटांची मारामारी."

"म्हणून गळ्याचा आवाज लावलास?"

"वहिनी, अहो, आवाज जुन्या पट्टीत, आम्ही नव्या पट्टीत! माझी बोटं अशी घसरली की पहिलीतलं पोर बरं वाजवेल. मी करणारा असतो तर निदान स्वतः तरी नीट वाजवलं असतं की नाही?"

यात दम होता.

दादा खाली बसला होता, दोन चमच्यांनी गुडघ्यावर हळूहळू ठेका धरून. हा माणूस गरीब गाय. बँडमध्ये कधी भांडण झालं तर हा उठून सगळ्यांना पाणी आणून देणार.

"दादा, तुला काही दिसलं?"

"मला काय दिसणार? कानात घट्ट इअरफोनचे बोळे, समोर झांजा." त्यानं चमचे खाली ठेवले. "पोरीला जाऊ देऊ नकोस, ताई. मन लावून गाते. त्या गाण्याच्या शेवटाला वर चढते ना, अंगावर काटा येतो बघ."

"हं," म्हणाली वहिनी, आणि पर्स उचलून निघाली. राहिला होता एकच माणूस. ज्याचा आवाज, तोच. आणि त्याच्याकडं जुनी रेकॉर्डिंगं ढिगानं होती.

३

गळा बहिणीकडं राहत होता. चौथा मजला, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, आणि टॉवेलासारखाच एक रुमाल त्याच्या मानेभोवती. एकेकाळी हा माणूस दार उघडताना अख्खा मजला दणाणून सोडायचा. आता ओठ हलले, आणि वहिनीला ऐकायला कान जवळ न्यावा लागला.

"मला वाटलंच तू येशील."

"तू केलंस का रे?"

तो हसला. हसण्याचाही आवाज नाही. "माझा आवाज चोरायला मी कशाला? परत मिळत असेल तर सांग."

त्याच्या बहिणीनं चहा ठेवला. तो बशी फिरवत बसला. मग एकदम कुजबुजला, "वहिनी, लोक माझं नाव ओरडत होते तेव्हा मला बरं वाटलं. ती पोरगी समोर उभी, चेहरा पांढराफटक. आणि मला बरं वाटलं. म्हणून मी उठून आलो. त्या लोकांत बसवेना, आणि स्वतःबरोबरही."

वहिनीनं चहाचा घोट घेतला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "ती विकत मिळणारी रेकॉर्ड नव्हती. दुसऱ्या कडव्याआधी मी खोकलो होतो. ते तालमीतलं आहे. आपल्या जुन्या तालमीच्या खोलीतलं."

"म्हणजे बँडमधल्याच कुणाकडं तरी होतं."

"हो. आणि दुसरं. कुणी मजा म्हणून मधेच लावला असता, तर पहिली ओळ कुठंही पडली असती. ती बरोबर जागेवर पडली. भाऊनं काठ्या आपटल्या ना, चार, गाणं सुरू करायला? त्याच क्षणी कुणीतरी बटण दाबलंय. पुढं बँड सरकला, आवाज राहिला मागं. पण सुरुवात एकदम चोख."

वहिनी जिना उतरायला लागली. काठ्या कधी पडणार हे हॉलच्या मागून कसं कळणार? अंधार होता. काठ्या कधी पडणार हे पडायच्या आधी माहीत असणारा माणूस जगात एकच.

पण त्याचे तर दोन्ही हात काठ्यांत!

ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. कठडा घट्ट धरला. हात काठ्यांत. आणि पाय?

मग तिला सकाळचं बोलणं आठवलं. *शेवटाला वर चढते ना, अंगावर काटा येतो.* नवी वर चढत नाही. नवी शेवट खाली आणते. पहिल्या कार्यक्रमापासून. वर चढायचा तो गळा.

४

दुपारचा रिकामा हॉल म्हणजे धुतलेल्या भांड्यासारखा, जरा काही वाजलं की घुमतं. वहिनी चौथऱ्यावर चढून गुडघ्यांवर बसली. ढोलांमागं लाकडाला ठोकलेला, वायरी खुपसायचा खोका, त्याला दोन भोकं, शेजारी शेजारी. एक नवीच्या माइकचं, ते हॉलमध्ये जाणारं. दुसरं दादाच्या डबीचं, ते फक्त दादाच्या कानात जाणारं. ती डबी सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यातून टिकटिक येते आणि दादा त्यावर ताल धरतो, असं दादानंच सांगितलं होतं. तिला कुणी हात लावायचा नाही, हेही.

डबीचं बटण डाव्या पायाखाली.

"ताई," मागून आवाज आला. दादा उभा होता, काठ्यांची पिशवी छातीशी धरून.

"डबीत टिकटिक नाही, दादा. जुन्या तालमीतला गळा आहे."

दादानं पिशवी आणखी घट्ट धरली.

"हे गिटारवाल्याचं काम नाही, मास्तरचंही नाही. जुन्या पट्टीतला आवाज कानात घेऊन नव्या पट्टीत वाजवायचं म्हणजे वेड लागेल. पण ढोलाला कसली पट्टी? ढोलवाल्यालाच ते जमेल. पोरीच्या पायानं वायरी निघाल्या, तू अंधारात उलट्या लावल्यास. तुझी डबी गेली हॉलमध्ये. बटण्यानं तिचा माइक उघडला आणि त्यातून गळा बाहेर आला." वहिनी उठली. गुडघ्यावरची धूळ झटकलीसुद्धा नाही. "तू तिला ऐकलेलंच नाहीस. एकदाही. सगळा दौरा कानात गळा घालून वाजवलास."

दादा चौथऱ्याच्या कडेवर बसला. "मला मोजता येत नाही, ताई."

"काय?"

"गाणं. बाकीचे ढोलवाले मनात मोजतात. मला चारच्या पुढं कधी जमलंच नाही. गळा श्वास घ्यायचा, तिथं मी मारायचो. तो श्वास लांब घ्यायचा तेव्हा कळायचं, आता वळण आलं. सगळी वर्षं मी त्याच्या श्वासावर वाजवलं. लोक म्हणायचे, काय ठेका आहे, घड्याळासारखा! आता तो नाही म्हटल्यावर मला गाण्यातलं काहीच कळेना. नवीच्या पहिल्याच तालमीत मी रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्यासारखा झालो. कुणाला सांगू? या वयात सांगू, की मला येत नाही?"

वहिनीला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण मधे एक बॅग येत होती.

"सकाळी मी बटण्याची बॅग उपसली. तू समोर बसला होतास. चहा ढवळत."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू ढवळत राहिलास."

"साखर कधीच विरघळली होती, ताई," दादा म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

५

बटण्या कुठं जाणार? बसमध्ये बसला होता, स्वतःच्याच जागेवर, खिडकीला डोकं लावून. वहिनी पायरीवरच थांबली.

"बटण्या, चल."

"बॅग जेवणघरातच आहे वहिनी. अजून काही बघायचं असेल तर बघा."

"माझं चुकलं. पण हे इथं बोलून भागणार नाही. स्टेजवर चल."

साउंड चेकला सगळे जमले. मालक, मास्तर, दादा. नवी विंगेत, बॅग खांद्याला. वहिनीनं स्टेजच्या मधोमध एक टेबल ओढलं, बटण्याचे कपडे त्यावर ठेवले, आणि सगळ्यांसमोर एकेक घडी घालायला लागली. शर्ट. बनियन. कुणी हसलं नाही.

"यानं काही केलेलं नव्हतं," घडी घालता घालता ती म्हणाली. "मी याला चोर केलं, कारण हा पगारी आणि बाकीचे घरचे. जे केलं ते माझ्या घरच्यानंच."

बटण्या टेबलाशी आला. खाली बघत म्हणाला, "मोजे जोडू नका वहिनी. ते जुळतच नाहीत." मग बॅग उचलून हॉलच्या मागं गेला, आपल्या बटणांकडं.

दादा उठला. नवीसमोर गेला. मग सगळं सांगितलं. डबी, श्वास, वायरी, चहा. काही वगळलं नाही, आणि स्वतःची बाजूही घेतली नाही.

नवीनं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला माझा राग नव्हता?"

"नाही गं."

"राग असता तर बरं झालं असतं. निदान ऐकलं तरी असतंत." ती हसली नाही. "मी रोज तुमच्याकडं पाठ करून गायचे. वाटायचं, मागं भाऊ आहेत. बाकी कुणी नसलं तरी भाऊ आहेत."

दादाची मान आणखी खाली गेली. मालकानं गिटारच्या पट्ट्याशी उगाच चाळा केला; त्याचीही मान वर नव्हती.

"काल," दादा म्हणाला, "मी डबी दाबली, काठ्या मारल्या, आणि कानात काहीच नाही. पायाखालची जमीन गेली. थांबणार कुठं? आणि मग कानात श्वास आला. तुझा. माझ्या वायरीतून तू येत होतीस. बाहेर काय चाललंय मला माहीतच नव्हतं. तू घेतलास श्वास, आणि मी मारलं. मी अर्धं गाणं तुझ्यावर वाजवलं, पोरी. मग बोळे निसटले, लोकांचा ओरडा कानात शिरला, आणि पुढं काही ऐकू आलं नाही."

"कशी गायले?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "दोनदा घसरलीस."

मास्तरनं श्वास रोखला. वहिनीच्या मनात आलं, गेली आता ही.

नवीनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. लगेच नाही. आधी दादाकडं बघितलं, मग हॉलच्या मागं बटण्याच्या टेबलावरच्या छोट्या दिव्याकडं.

"तीनदा," ती म्हणाली. "शेवट ऐकलाच नाहीत तुम्ही. आज ऐका. डबी द्या."

दादानं ढोलांमागं जाऊन डबी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली नाही, फेकली नाही. बटण्याचे कपडे होते त्या रिकाम्या टेबलावर ठेवली आणि चौथऱ्यावर चढली, या वेळी उजेडात, वायरी बघत. दादा ढोलांमागं बसला, सवयीनं बोळे कानात घातले, आणि ती त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"कानातलंही काढा, भाऊ."

त्यानं बोळे काढले. कान उघडे पडलेला म्हातारा माणूस, ढोलांमागं, सगळ्यांसमोर. त्यानं काठ्या उचलल्या. चार वेळा आपटल्या. मग तो थांबला, तिच्या तोंडाकडं बघत.

नवीनं श्वास घेतला. बटण्यानं माइक उघडला होता; श्वास सगळ्या हॉलभर ऐकू आला.

दादानं मारलं. उशिरा. इतकं उशिरा, की कुणालाही कळलं असतं.

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"परत," नवी म्हणाली.